काजूच्या शेडमधला शोध पेटंट ऑफिसपर्यंत कसा न्यावा

आमचं काजू युनिट कुडाळच्या बाजूला आहे. बी शिजवायच्या ड्रमला आम्ही साधा टायमर लावला होता. वेळ भरली की वाफ बंद. मे महिन्यातली वाळलेली बी त्या टायमरवर नीट शिजायची. पण जुलैत गोदामातून काढलेली, ओल धरलेली बी त्याच वेळेत कच्ची राहायची, मग कटिंगला गर टरफलाला चिकटायचा आणि तुकडा पडायचा. वेळ वाढवली तर गर पिवळा. आणि बॅच अर्ध्यावर असताना लाईट गेली की टायमर शून्यावर. अशा वेळी पुढे काय करायचं हे फक्त माझ्या काकूला कळायचं. ती ड्रमच्या खालच्या ड्रेन कॉकजवळ उभी राहून टपकणाऱ्या पाण्याकडे बघायची आणि म्हणायची, “पाणी आवरला, आता वाफ बंद कर.” तिचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही.

त्या टपकण्यावरून आम्ही एक कंट्रोल बनवला. २०२१ च्या जूनमध्ये अर्ज केला आणि २०२३ च्या डिसेंबरात पेटंट मिळालं. मधल्या अडीच वर्षांत मला जे कोणी सांगितलं नाही ते इथे क्रमाने लिहितो. कुडाळ, मिरजोळे, लोटे, महाड अशा एमआयडीसीत किंवा घरच्या शेडमध्ये कोणी यंत्राच्या नियंत्रणात काही नवं केलं असेल, तर त्याचे निदान काही महिने वाचावेत.

१. आपला शोध नेमका कशात आहे ते आधी शोधा

नियंत्रणाच्या कुठल्याही शोधाला तीन टोकं असतात: काय मोजता, त्यावरून काय ठरवता, आणि यंत्राकडून काय करवून घेता. यातलं एखादं टोक नवं असेल किंवा तिघांची जोडणी नवी असेल, तर पुढे जा. नुसतं “आम्ही ऑटोमॅटिक केलं” याला पेटंट नाही.

आमच्या ड्रममध्ये काय घडतं ते सांगतो, म्हणजे मुद्दा लक्षात येईल. वाफ थंड बीवर आदळली की तिचं पाणी होतं. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २,२५० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते आणि ती बीत जाते. बी थंड किंवा ओली असेल तेवढं पाणी जास्त. बी वाफेइतकीच तापली की वाफेला उष्णता द्यायला जागा उरत नाही आणि ड्रेनचं पाणी कमी होतं. काकू हेच बघत होती. टायमर घड्याळ मोजतो, ड्रममधलं तापमान मोजणारा सेन्सर वाफेचं तापमान सांगतो. बीने किती उष्णता घेतली हे दोघांनाही कळत नाही. ते टपकणाऱ्या पाण्याला कळतं.

म्हणून आम्ही ड्रेनखाली स्टीलची दोन कप्प्यांची छोटी डोलती वाटी बसवली, पर्जन्यमापकात असते तशी. एक कप्पा भरला की वाटी कलते, पाणी सांडतं, दुसरा कप्पा धारेखाली येतो. प्रत्येक कलण्याला शेजारचा प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की कळणारा) एक ठोका पीएलसीला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, देतो. मिनिटाला किती ठोके पडतात ते पीएलसी मोजतो, त्यातला उच्चांक लक्षात ठेवतो आणि दर त्या उच्चांकाच्या ठरावीक अंशाखाली आला की वाफेचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा-मिटणारा) व्हॉल्व्ह बंद करतो. लाईट गेली तरी उच्चांक मेमरीत टिकतो. लाईट आल्यावर बी जेवढी थंड झाली असेल तेवढं पाणी पुन्हा वाढतं, आणि हिशोब आपोआप जागेवर येतो.

तुमच्याकडे बर्फाच्या फॅक्टरीचा कॉम्प्रेसर असेल, आंबा पिकवायची खोली असेल, कोळंबीच्या तळ्यातला पाणी घुसळणारा पंखा असेल. तुमची तीन टोकं एका कागदावर लिहून काढा. एका वाक्यात मावली नाहीत तर शोध अजून पक्का झालेला नाही, किंवा एकात दोन शोध आहेत.

२. तोपर्यंत तोंड बंद आणि मोबाईल खिशात

हे मी जीव तोडून सांगतो, कारण माझा पहिला शोध असाच गेला. ड्रमच्या आधी मी गराच्या प्रतवारीसाठी एक झडप बनवली होती. तालुक्याच्या एका प्रदर्शनात ती मांडली, कोणीतरी व्हिडिओ काढला, मीही आनंदाने तो सगळ्या ग्रुपवर पाठवला आणि यूट्यूबवर टाकला. वर्षभराने पेटंट एजंटकडे गेलो तर त्यांनी शोध घेतला आणि पहिलाच आडवा आलेला पुरावा माझाच व्हिडिओ होता.

आपल्या कायद्यात अर्जाच्या आधी शोध जगजाहीर झाला की नवेपणा संपतो. पेटंट कायदा १९७० मधल्या कलम ३१ मध्ये प्रदर्शनासाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती. आपल्या तालुक्याचा कृषी मेळावा त्यात येत नाही. लोकांसमोर चाचणी घेतल्याशिवाय शोध तपासताच येत नसेल तर कलम ३२ अर्जाच्या आधीच्या एका वर्षापुरता आधार देतं. पण त्यावर भिस्त ठेवू नका. शेजारच्या युनिटमध्ये चाचणी घ्यायचीच असेल तर आधी गुप्ततेचा साधा करार सहीसकट करून घ्या. ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला संकोच वाटतो, तरी मागा.

यंत्र विकायचं तर अर्जानंतरच विका. एक नग जरी आधी विकला तरी तो पुढे तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहू शकतो.

३. वही ठेवा

दोनशे पानी साधी वही चालेल. तारीख, बॅच, बी कुठली, गोदामात किती दिवस होती, वाफेचा दाब, दर मिनिटाचे ठोके, शेवटी गर कसा निघाला. माझ्या वहीत एका पावसाळी बॅचचं पान आहे: पहिल्या मिनिटाला २ ठोके, सहाव्याला १९, दहाव्याला ११, चौदाव्याला ४. खाली काकूच्या सांगण्यावरून लिहिलेलं “बस”. पुढे पेटंट ऑफिसच्या तपासणी अधिकाऱ्यापुढे वाचवलं ते अशाच पानांनी. लाईट मध्येच गेलेल्या बॅचेस मुद्दाम वेगळ्या लिहा. बिघाडाच्या वेळी यंत्र कसं वागतं तिथेच बहुतेक वेळा शोधाचं मोल असतं.

४. आधी कोणी केलंय का ते बघा

यासाठी पैसे लागत नाहीत. भारतीय पेटंट ऑफिसचं इनपास, गूगल पेटंट्स आणि युरोपीय पेटंट ऑफिसचं एस्पेसनेट ही तिन्ही शोधयंत्रं फुकट आहेत. नुसत्या शब्दांनी शोधलं की निम्मं सुटतं, कारण ज्याला आपण ड्रम म्हणतो त्याला कोणी कुकर म्हणतो, कोणी व्हेसल, कोणी चेंबर. म्हणून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे कोड वापरा. प्रोग्रॅमने चालणाऱ्या नियंत्रणासाठी जी०५बी १९, तापमान नियंत्रणासाठी जी०५डी २३, कठीण कवचाची फळं सोलण्या-फोडण्याच्या यंत्रांसाठी ए२३एन ५. कोड आणि शब्द एकत्र टाकून निदान तीन-चार संध्याकाळी द्या. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात, त्यामुळे अगदी ताजे अर्ज कुणालाच दिसत नाहीत हेही धरून चला.

आपल्यासारखंच काही सापडलं म्हणून लगेच निराश होऊ नका. जेम्स वॉटचा वाफेच्या इंजिनावरचा गव्हर्नर १७८८ चा, पण फिरत्या गोळ्यांची ती युक्ती त्याच्या आधीपासून पवनचक्क्यांत होती. वॉटने तिचं पेटंट घेतलं नाही. आमची डोलती वाटीही पर्जन्यमापकातून आलेली, आणि ती तर १७व्या शतकापासून आहे. जुनी वस्तू नव्या ठिकाणी आणल्याने नवा परिणाम मिळतो का, हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

५. कायदा कुठे अडवतो

कलम ३ मध्ये पेटंट न मिळणाऱ्या गोष्टींची यादी आहे. आपल्या कामाच्या लोकांना त्यातली चार पोटकलमं हमखास भेटतात.

३(के): नुसता संगणक प्रोग्रॅम, गणिती पद्धत किंवा अल्गोरिदम. तुमचं लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम, कितीही सुंदर असलं तरी ते एकटं पुढे केलंत तर अर्ज इथेच अडकतो. लॅडर जपायचं असेल तर त्यावर कॉपीराइट असतो, ती वेगळी वाट आहे. पण कायद्यातला शब्द ‘नुसता’ प्रोग्रॅम असा आहे. फरिद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की प्रोग्रॅममुळे तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक भर पडत असेल तर केवळ प्रोग्रॅम आहे म्हणून शोध नाकारता येत नाही. वाफेचा व्हॉल्व्ह वेळेवर बंद होऊन गर अख्खा निघणं हा तांत्रिक परिणाम आहे. तो शब्दांत आणि आकड्यांत आला पाहिजे.

३(एफ): माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी मांडणं, जिथे प्रत्येक जण आपापलं जुनंच काम करतो. पॅनलमध्ये टायमर, तापमान दाखवणारा डिस्प्ले आणि भोंगा एकत्र बसवला तर ती मांडणी झाली. एकाच्या मोजण्यावरून दुसरा वेगळा वागायला लागला, तर जोडणी झाली.

३(डी): माहीत असलेल्या यंत्राचा नुसता वापर.

३(एच): शेतीची किंवा बागायतीची पद्धत. “हापूसला अमुक अवस्थेत एवढं पाणी द्यावं” याला पेटंट नाही. पण झाडाजवळची ओल मोजून झडप उघडणारं उपकरण हे यंत्र आहे, त्याला दार बंद नाही. फळबागेत काम करणाऱ्यांनी अर्ज लिहिताना हा फरक सांभाळावा.

एक प्रश्न एजंटने मलाही विचारला: टपकणारं पाणी बघून बी काढणं ही काजूवाल्यांची परंपरागत माहिती तर नाही? तसं असतं तर ३(पी) आडवं आलं असतं. मी आजूबाजूच्या युनिट्समध्ये जाऊन विचारलं. सगळे घड्याळावर चालत होते. ही काकूची स्वतःची नजर होती.

६. पेटंट घ्यायचं की गुपित ठेवायचं

पेटंट म्हणजे सगळं लिहून जाहीर करणं आणि बदल्यात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं हक्क मिळवणं. सगळंच पेटंटला न्यावं असं नाही. माझी फूटपट्टी साधी आहे: यंत्र बाहेरून बघून किंवा उघडून कळतं का? ड्रेनखाली वाटी लटकलेली कुणालाही दिसते, म्हणून आम्ही अर्ज केला. पण शोध सगळा पासवर्ड टाकलेल्या पीएलसीच्या आत असेल आणि बाहेरून कळायला मार्ग नसेल, तर गुपित ठेवणं जास्त शहाणपणाचं ठरू शकतं. दोन्ही एकाच गोष्टीला मात्र जमत नाही. कलम १० प्रमाणे तुम्हाला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत अर्जात लिहावी लागते. दर उच्चांकाच्या किती अंशाखाली आल्यावर वाफ बंद करायची, हा आकडा मला झाकून ठेवायचा होता. एजंटने ठेवू दिला नाही, आणि त्यांचंच बरोबर होतं.

७. शोधक कोण, मालक कोण

घरातल्या आणि मैत्रीतल्या कामात इथेच गाठ बसते. शोधक म्हणजे ज्याच्या डोक्यातून शोधाचा गाभा निघाला तो. पैसे घालणारा शोधक होत नाही. सांगितल्याप्रमाणे वायरिंग करून देणाराही होत नाही. पण तुमच्या पीएलसी प्रोग्रॅमरने “उच्चांक धरून ठेवूया” अशी नवी युक्ती सुचवली असेल, तर त्याचं नाव आलंच पाहिजे. आपल्याकडे प्रोग्रॅमर बहुधा फ्रीलान्स असतो. काम देतानाच हक्क कोणाकडे राहील ते लिहून घ्या. नोकरीवरच्या माणसाचा शोध आपोआप मालकाचा होतो असं पेटंट कायद्यात कुठे म्हटलेलं नाही, तोही कराराचाच प्रश्न आहे.

काकूचं नाव मी सहशोधक आणि सहअर्जदार म्हणून घातलं. काय मोजायचं हे तिने दाखवलं होतं, म्हणजे तीन टोकांपैकी पहिलं टोक तिचं. घरातल्या काही जणांना ते पटलं नाही. मला मात्र त्यात दुसरा पर्यायच दिसला नाही. त्याचा एक फायदा नंतर कळला: अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यातली निदान एक स्त्री असेल तर जलद तपासणी मागता येते. म्हणून घरातल्या बाईचं नाव नुसतं चिकटवू नका. नाव खरं असेल तरच घाला, कारण खोटा हक्क पुढे पेटंट रद्द व्हायला कारण ठरू शकतो.

सहमालक असाल तर कलम ५० वाचून ठेवा. वेगळा करार नसेल तर हिस्सा समान, आणि एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला लायसन्स देता येत नाही किंवा आपला हिस्सा विकता येत नाही. आम्ही पैशाची वाटणी आणि पुढे वारस कोण हे आधीच कागदावर घेतलं.

८. तात्पुरता अर्ज आधी करा

शोध चालतोय पण यंत्र अजून सुधारतंय, अशा अवस्थेत तात्पुरत्या तपशिलासह, म्हणजे शोधाच्या लेखी वर्णनासह, अर्ज करता येतो. त्या दिवसाची तारीख तुमची होते. त्यानंतर १२ महिन्यांच्या आत पूर्ण तपशील द्यावाच लागतो, नाहीतर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. ही मुदत वाढत नाही, म्हणून दहाव्या महिन्याची आठवण मोबाईलमध्ये लावा.

तात्पुरता म्हणून दोन परिच्छेदांत उरकू नका. जे त्यात नाही, त्याला ती तारीख मिळत नाही. आम्ही लाईट गेल्यावरचं वागणं पहिल्याच अर्जात लिहिलं होतं, आणि शेवटी पेटंट टिकलं ते त्याच मुद्द्यावर.

अर्ज ऑनलाइन होतो, मुंबईला अँटॉप हिलच्या कार्यालयात जावं लागत नाही. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही मुंबई कार्यालयाखाली येतात. कागद इंग्रजीत किंवा हिंदीत लागतात, मराठीत चालत नाहीत. तरी पहिला मसुदा मराठीतच लिहा. ज्या भाषेत आपण यंत्राशी झटतो, तिच्यात तपशील सुटत नाहीत.

लागणारी कागदपत्रं:

- फॉर्म १: अर्ज, शोधकांच्या सह्यांसह
- फॉर्म २: तपशील, आधी तात्पुरता, मग पूर्ण
- फॉर्म ३: परदेशातल्या अर्जांबद्दलचं निवेदन
- फॉर्म ५: शोधक कोण याची घोषणा, पूर्ण तपशिलासोबत
- फॉर्म २६: एजंट नेमल्याचं अधिकारपत्र
- फॉर्म २८ आणि उद्यम नोंदणी: युनिटच्या नावावर लघुउद्योग म्हणून अर्ज असेल तर. व्यक्तीच्या नावावर असेल तर गरज नाही
- आकृत्या: ए-४ पानावर, प्रत्येक भागाला क्रमांक
- सारांश: १५० शब्दांच्या आत
- स्वतः भरणार असाल तर क्लास ३ डिजिटल सही

व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी ऑनलाइन फी अशी: अर्जाला १,६०० रुपये, ३० पानांवरच्या प्रत्येक पानाला १६०, दहावरच्या प्रत्येक दाव्याला (शोधातलं नेमकं काय आपलं हे सांगणारं वाक्य) ३२०. तात्पुरत्यानंतरच्या पूर्ण तपशिलाला वेगळी फी नाही. लवकर प्रसिद्धीसाठी फॉर्म ९ ला २,५००. तपासणीच्या विनंतीला फॉर्म १८ चे ४,०००, किंवा जलद तपासणीला फॉर्म १८ए चे ८,०००. सरकारी फी अशी झेपण्याजोगी आहे. खर्च वाढतो तो एजंटचा. मसुदा, तपासणी अहवालाचं उत्तर आणि सुनावणी या तिन्हींचे पैसे वेगवेगळे लिहून घ्या. एजंटचं नाव पेटंट ऑफिसच्या संकेतस्थळावरच्या नोंदणी यादीत आहे का ते बघा. ट्रेडमार्कचं काम करणारा प्रत्येक जण पेटंट एजंट नसतो.

९. दावा लिहिणं

पेटंटमध्ये वीस पानं असली तरी तुमचं कुंपण म्हणजे दाव्यांची एक-दोन पानं. इथे सर्वांत जास्त वेळ द्या. आमचा पहिला मसुदा असा होता:

“काजू बी शिजवण्यासाठी पीएलसीवर चालणारा प्रोग्रॅम, जो योग्य वेळी वाफ बंद करतो.”

हा थेट ३(के) मध्ये पडतो, आणि ‘योग्य वेळी’ म्हणजे काय हे त्यात कुठेच नाही. एजंटसोबत बसून शेवटी झाला तो दावा मराठीत सांगायचा तर असा:

“कवचयुक्त बिया वाफेने शिजवण्याची यंत्रणा, जिच्यात वाफेचा व्हॉल्व्ह असलेला बंद ड्रम, ड्रमच्या निचऱ्याचं पाणी मोजून संकेत देणारं साधन, आणि त्या संकेतांवरून निचऱ्याचा दर काढणारा, दराचा उच्चांक वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत ठेवणारा, आणि दर त्या उच्चांकाच्या पूर्वनिश्चित अंशाखाली उतरताच व्हॉल्व्ह बंद करणारा नियंत्रक आहे.”

बघा, ‘डोलती वाटी’ यात नाही. ती दुसऱ्या, पहिल्यावर अवलंबून असलेल्या दाव्यात आली. मुख्य दाव्यातच वाटी लिहिली असती तर उद्या कोणी वाटीऐवजी वजनकाटा लावून सुटला असता. तसंच ‘काजू’ ऐवजी ‘कवचयुक्त बिया’. कंपनीचं नाव किंवा मॉडेल नंबर दाव्यात कधीही घालू नका. अंश किती असावा याची व्याप्ती एका दाव्यात आणि आमचा नेमका आकडा तपशिलातल्या उदाहरणात.

उलट्या बाजूचा मोहही आवरा. “कोणतंही यंत्र, कोणताही सेन्सर” असं लिहिलं की जगातलं प्रत्येक जुनं यंत्र त्या दाव्यात येतं आणि दावा पडतो.

पूर्ण तपशील गेल्यावर दुरुस्ती करता येते, पण नवी माहिती घालता येत नाही. म्हणून आकृतीतला प्रत्येक पाइप, प्रत्येक तार आणि “असंही करता येईल” असे सगळे पर्याय तेव्हाच लिहा.

१०. तपासणी

तपासणी आपोआप होत नाही, मागावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांसाठी ती विनंती पहिल्या तारखेपासून ३१ महिन्यांत करायची आहे. आधी ४८ महिने होते, आणि जुने लेख अजून तेच सांगतात. आम्ही पूर्ण तपशिलाबरोबरच फॉर्म ९ आणि १८ए भरले.

मग तपासणी अहवाल येतो. आमच्या अहवालात दोन जुने कागद पुढे केले होते: एकात टायमर आणि तापमानावर चालणारा वाफेचा कुकर, दुसऱ्यात डोलत्या वाटीने पाणी मोजायचं साधन. अधिकाऱ्याचं म्हणणं असं की या क्षेत्रातला जाणकार माणूस दोन्ही सहज जोडेल. वाचून माझे हातपाय गळाले होते. पहिल्या अहवालात आक्षेप येणं हे रोजचंच असतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

उत्तरात आम्ही रागाचा एकही शब्द लिहिला नाही. दोन गोष्टी दाखवल्या. एक, वाटीच्या त्या कागदात ती फक्त पाणी मोजते, मोजण्यावरून वाफ बंद करण्याचा विचार तिथे कुठेच नाही. दोन, वहीतल्या लाईट गेलेल्या बॅचेस: टायमरच्या कुकरमध्ये मधला खंड हरवतो, आमच्यात निचऱ्याचा दर पुन्हा चढतो आणि बी हवी तेवढीच शिजते. दोन्ही कागद एकत्र केले तरी हा परिणाम मिळत नाही. मुख्य दाव्यात टिकाऊ स्मृतीचा भाग आम्ही तेव्हा ठळक केला. तो पहिल्या तपशिलात होताच, म्हणून चालला.

उत्तराला सहा महिने असतात. मुदत संपण्याआधी विनंती केली तर तीन महिने वाढतात. ही मुदत अहवाल निघाल्यापासून धावते, तुम्ही ईमेल उघडल्यापासून नाही. दर आठवड्याला अर्ज क्रमांक टाकून स्थिती बघा. सुनावणी व्हिडिओवर होते. पावसाळ्यात असेल तर दुसऱ्या सिमचं इंटरनेट आणि इन्व्हर्टर तयार ठेवा. सुनावणीनंतर १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं. तोंडी सगळं छान झालं म्हणून ते विसरणारे आहेत.

अर्ज प्रसिद्ध झाला की फीच्या नावाखाली पैसे मागणारी अधिकृत वाटणारी पत्रं येऊ शकतात. फी फक्त पेटंट ऑफिसच्या पोर्टलवर किंवा आपल्या एजंटमार्फत भरा.

११. बाहेरचा बाजार

काजूचं मोठं काम व्हिएतनाम आणि आफ्रिकेतही चालतं, त्यामुळे परदेशी पेटंटचा विचार येतोच. इथे राहणाऱ्याने आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं किंवा आधी परवानगी घ्यायची, हे कलम ३९ सांगतं. पीसीटी अर्ज, म्हणजे अनेक देशांसाठीचा एकच आंतरराष्ट्रीय अर्ज, पहिल्या तारखेपासून १२ महिन्यांत. खर्च मोठा आहे. गिऱ्हाईक दिसत असेल तरच जा. आम्ही गेलो नाही.

१२. मिळाल्यानंतर

तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरण फी भरावी लागते. आपल्या गटाला तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत वर्षाला ८००, सातव्या ते दहाव्यापर्यंत २,४००, पुढे वाढत जाते. पेटंट उशिरा मिळालं तर मधल्या वर्षांची साठलेली फी नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरायची. आनंदाच्या भरात ही तारीख सुटते आणि हातातलं पेटंट जातं. शोध वापरात आहे की नाही याचं निवेदन, फॉर्म २७, आता दर तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यायचं असतं.

यंत्रावर पेटंट क्रमांक लिहा. नुसतं ‘पेटंटेड’ लिहून भागत नाही. कलम १११ प्रमाणे नक्कल करणारा “मला माहीत नव्हतं” म्हणून नुकसानभरपाईतून सुटू शकतो, आणि क्रमांकाशिवाय नुसता शब्द लिहिला तर त्याला सूचना दिली असं धरत नाहीत. उलट अर्ज प्रलंबित असताना ‘पेटंटेड’ लिहिलंत तर कलम १२० खाली दहा लाखांपर्यंत दंड आहे. तोवर ‘पेटंट अर्ज प्रलंबित’ एवढंच.

आम्ही पहिल्यांदा छापील स्टिकर लावला होता. वाफेने आणि टरफलाच्या तेलाने एका हंगामात अक्षरं गेली. आता स्टीलच्या पट्टीवर क्रमांक कोरून घेतला आहे आणि ती ड्रेनच्या बाजूला, वाटीच्या वर चार रिव्हेटनी बसवली आहे.